खालचा वारा

आमच्या शाळेत नवा माणूस आला की बाई त्याचं नाव विचारण्याआधी वारा विचारत. मी रुजू व्हायला आलो तेव्हा डोक्यावर गादीची वळकटी, एका हातात बादली आणि बादलीत भांडी अशा अवतारात एसटीतून उतरलो होतो. शाळेच्या फाटकाशी छत्री उघडून एक बुटक्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई उभ्या होत्या. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता आणि छत्रीच्या टोकाला लाल रिबीन बांधलेली होती. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "बस खिंडीतून उतरली तवा वारा कोन्त्या गालाले लागत होता जी?"

मला वाटलं, गावातली डोकं फिरलेली कुणी असेल. मी म्हणालो, "हेडमास्तरांची खोली कुठी हाय, मावशी?"

"सांगते. पयले गाल सांगा."

सुटका व्हावी म्हणून मी उजवा म्हणालो. त्या हसल्यासुद्धा नाहीत. "उजव्या अंगानं सकाळपासून वारा नाई. तुमी झोपले होते," एवढं बोलून त्यांनी हेडमास्तरांची खोली दाखवली. मी खरोखरच झोपलो होतो. शाळेच्या भूगोलाच्या बाई त्या याच, हे मला तासाभरानं कळलं.

मी कोरपन्याकडचा. घरची कपाशी आणि घरामागे सिमेंट कारखान्याचं धुराडं. आजची धूळ कुणाच्या ओट्यावर पडणार, एवढाच आमचा वाऱ्याशी संबंध. सिरोंचा तालुक्यातल्या, प्राणहितेच्या काठावरच्या या गावात मला गणित शिकवायला पाठवलं होतं आणि मी पहिल्या आठवड्यापासून बदलीच्या अर्जाचा मसुदा मनातल्या मनात घोटत होतो. गाव लहान. उत्तरेला सागाचा डोंगर, डोंगराच्या मधोमध एक खिंड आणि खिंडीपलीकडे माडिया आदिवासींचे दोन-तीन टोले, म्हणजे दहा-पंधरा घरांच्या वस्त्या. गावापुढे नदीचं वळण, नदीपलीकडे तेलंगण. अर्धं गाव घरात तेलुगू बोलायचं. उत्तर-दक्षिण मात्र कोणत्याच भाषेत कुणी म्हणत नसे. नदी जिकडून येते ते वर, जिकडे जाते ते खाली. किराणा दुकान खाली, देऊळ वर, हेडमास्तर वर, मी खाली. मला दोन महिने लागले या वर-खालीची सवय व्हायला.

बाई ब्रह्मपुरीकडच्या. लग्न केलं नव्हतं की करून मोडलं होतं, हे विचारायची हिंमत कुणी केली नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याला, त्या दीक्षाभूमीला जायच्या आणि त्या दोन दिवसांची रजा सोडली तर शाळा त्यांनी कधी चुकवली नाही. पंख्याच्या त्या हाडवैरी होत्या. "पंख्यानं माणसाले खऱ्या वाऱ्याची वळख राहत नाई," म्हणत भर मे महिन्यात शिक्षकांच्या खोलीतला पंखा बंद करत आणि आपली खुर्ची वाऱ्याप्रमाणे फिरवत बसत. सकाळी त्यांचं तोंड दाराकडे असे, दुपारी कपाटाकडे. कपाटाकडे तोंड करून वह्या तपासणाऱ्या बाई पाहिल्या की तपासणीला आलेले साहेब बुचकळ्यात पडत. पंख्याचं मात्र मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

खोलीच्या भिंतीवर, वेळापत्रकाच्या शेजारी, त्यांनी एक चित्र लावलं होतं. अहेरीच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेलं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. काळ्या समुद्रावर पांढऱ्या ढगांची एक गुंडाळी आणि तिच्या डाव्या हाताला ग्रीनलँडचा बर्फाळ कडा. हे उत्तर ध्रुवाकडचं वादळ. इंग्रजीत त्याला पोलर लो म्हणतात, म्हणजे ध्रुवाजवळचा छोटा कमी दाब. बाईंनी याच्यावरचे लेख डिक्शनरी मांडीवर घेऊन, एका पानाला एक रविवार या हिशोबानं वाचले होते. ज्या बाईंनी समुद्र पाहिला नव्हता आणि बर्फ पाहिला तो फक्त मासळीच्या पेटीतला, त्या ग्रीनलँडच्या टोकाशी वारा कसा वळतो हे असं सांगत की ते टोक आलापल्लीच्या पुढच्या थांब्यावर असावं.

सांगायची रीतही त्यांचीच. मोठ्या परातीत कोमट पाणी, तो समुद्र. कडेला तिरपी पाटी, तो बर्फाचा उतार. पाटीच्या पायथ्याशी वीट, तो डोंगर. मासळीवाल्याकडून मागून आणलेल्या बर्फाचं गार पाणी हळद कालवून पाटीवरून सोडायचं. पिवळं पाणी विटेला अडायचं, तिच्या कोपऱ्यावरून घसरायचं आणि कोपऱ्यामागे गोल फिरायला लागायचं. "पाहा रे," बाई सांगायच्या, "गार हवा डोंगरावरून उतरते. डोंगर तिले सरळ जाऊ देत नाई, मुरड घालते. खाली समुद्र तिच्याहून गरम. तो तिले खालून ऊब देते, वाफ देते. मंग हे मुरड फुगते, फिरते, अन् दिवसभरात मोठ्ठं वादळ होते. दुसऱ्या दिवशी गायब. लहान असते मून कोनी नाव देत नाई."

एकदा केंद्रप्रमुख वर्गात बसले असताना परातीतलं पाणी नेमकं झकास फिरलं. बाई हरखून म्हणाल्या, "लो बनून राह्यला, पाहा, लो बनून राह्यला." व्हरांड्यातल्या शिपायाला एवढंच ऐकू आलं. आमच्याकडे 'लो' म्हणजे एकच, रक्तदाबाचा. तो धावत उपकेंद्रात गेला आणि बाईंचा लो झाला म्हणून नर्सला घेऊन आला. नर्सनं काही न विचारता बाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला. बाई दुसऱ्या हातानं विटेकडे बोट दाखवत शिकवत राहिल्या. दाब उलट वाढलेला निघाला. तेव्हापासून पोट्टे त्यांना पाठीमागे लो-बाई म्हणत आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा म्हणत असे.

मी त्यांना छेडायचो. "बाई, ध्रुवावरचं वादळ गडचिरोलीत येते का?"

"येत नाई," त्या शांतपणे सांगायच्या. "पन रीत तेच हाय. तिथी बर्फाचा डोंगर, इथी सागाचा. तिथी समुद्र, इथी तापलेली नदी अन् तापलेली रेती. अन् सर, तिथल्याही लोकायचं दुखणं आपल्यासारखंच हाय. कॉम्प्युटरच्या मोठ्या नकाशात डोंगर चेपून सपाट होते. मंग डोंगरानं घातलेली मुरड दिसत नाई, वादळ दिसत नाई, अन् मासेमार डुबते. आपल्या तालुक्याच्या नकाशात खिंड दिसते का तुमाले?"

मी नकाशा पाहिला होता. आमचा डोंगर म्हणजे त्यात एक फिकट तपकिरी डाग होता. खिंड नव्हतीच.

आता त्या खिंडीबद्दल. फेब्रुवारीपासून गावातली बायामाणसं डोंग्यात बसून नदीपलीकडे मिरची तोडायला जात. दुपारनंतर परत येत. एप्रिल-मे महिन्यात दुपारी डोंगरापलीकडे आभाळ काळं होई, पाऊस येई न येई, पण एखाद्या दिवशी असा वारा सुटे की नदीच्या वळणावर पाणी उभं राही. अशा वाऱ्यात तीन वेळा डोंगा उलटला होता. तिसऱ्या वेळी, मी येण्याच्या तीन वर्षं आधी, डोंगेवाला बुडाला. हवामानाच्या अंदाजात त्या दिवशी काही नव्हतं. बाईंचं म्हणणं एकच होतं. वादळाची गार हवा डोंगरापाठी साचते, खिंडीतून जोरात निघते आणि वळणावर मुरडते. खिंडीत वारा मोजायचं यंत्र बसलं तर नदीच्या घाटावर फोन जाईल. "खिंडीतून घाटावर यायले वाऱ्याले एक चहा प्यायचा टाइम लागते," त्या म्हणत. "तेवढ्यात डोंगा काठाले लागते."

हे म्हणणं सिद्ध करायला त्यांच्याकडे एक रजिस्टर होतं. अकरा वर्षांचं. शाळेच्या मागे बांबूवर कापडी निशाण लावलेलं आणि रोज सकाळी व दुपारी चारला एका मुलाची किंवा मुलीची तिथं 'वाऱ्याची पाळी'. एकाची पाळी सहा महिने. पाळीवाल्यानं निशाणाजवळ जायचं, उभं राहायचं, परत येऊन स्वतःच्या हातानं लिहायचं. वारा कोणता, ते एका रकान्यात. किती, ते दुसऱ्या रकान्यात, आणि त्याची मापंही बाईंचीच होती: पान हलते, फांदी हलते, धूळ उडते आणि छपराची कौलं उडाली की कवेलू उडते. पानाच्या तळाशी लिहिणाऱ्याची सही. हे रजिस्टर त्या पत्र्याच्या पेटीत ठेवत आणि पेटीची किल्ली गळ्यात.

तालुक्याला वारा मोजायचं एक यंत्र मंजूर झालं आणि जागा ठरवायला एक तरुण साहेब आले. मूळ बेत तालुक्याच्या गावी सरकारी आवारात बसवायचा होता. तिथं तिन्ही बाजूंनी भिंती. बाईंनी इतकी पत्रं धाडली की तो बिचारा निव्वळ कंटाळून आमच्याकडे आला. पण माणूस चांगला होता. त्यानं दोन तास रजिस्टर चाळलं, बाईंची परात पाहिली, कवेलू उडते वाचून हसला नाही. मग त्यानं डोंगेवाला बुडाला त्या तारखेचं पान उघडलं.

"बाई, इथं 'खालचा, कवेलू उडते' असं लिहिलंय," तो म्हणाला. "खालचा म्हणजे नदीच्या खालच्या अंगाकडून आलेला, दक्षिणेचा. बरोबर ना? मग वारा खिंडीतून आलाच नाही."

"तो खिंडीतूनच आला जी. नदीवर आपटून उलटा फिरला," बाई म्हणाल्या. ही त्यांची जुनी उपपत्ती होती आणि त्या ती पाच वर्षं वर्गात शिकवत आल्या होत्या. "ह्या सालातले सगळे मोठे वारे पाहा. सातपैकी सहा वेळा खालचाच हाय. उलटा फिरते मून."

साहेबानं मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं हे मलाही दिसत होतं. तेवढ्यात चार वाजले. आठवीतली पाळीवाली मुलगी निशाणाजवळ जाऊन आली, साहेबाला नमस्कार केला आणि रजिस्टरमध्ये गोल अक्षरात लिहिलं: खालचा, फांदी हलते. साहेबानं सहज खिडकीतून बाहेर पाहिलं. निशाण सिरोंच्याच्या दिशेला, नदीच्या खालच्या अंगाला ताणून फडफडत होतं. म्हणजे वारा खिंडीतून येत होता.

"बेटा, हा खालचा कसा?" त्यानं विचारलं.

मुलगी गोंधळली. "खाली चालला ना जी," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठून शेजारच्या वर्गात गेल्या आणि चाळीस मुलांना विचारलं, खालचा वारा म्हणजे कोणता. अर्धा वर्ग म्हणाला खालून येणारा. अर्धा म्हणाला खाली जाणारा. मुलं आपसात भांडायला लागली. भाषेचा, जातीचा काही संबंध नव्हता, एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना होते. अकरा वर्षं बाईंनी एक शब्द वाचला होता आणि गाव त्याचे दोन अर्थ लिहीत आलं होतं. रजिस्टर हाताळणाऱ्यांत बाहेरगावच्या त्या एकट्याच. त्यांच्या डोक्यात वारा जिकडून येतो त्याच दिशेचा असतो, पुस्तकात तसंच असतं, म्हणून कधी विचारावं असं सुचलंच नाही.

साहेब जाताना हळूच बोलला, "बाई, अशा नोंदी मी वर नाही दाखवू शकत. दिवाळीनंतर जागा पक्की होईल. तोवर कुणी कुठल्या अर्थानं लिहिलंय हे सांगता आलं, तर मी खिंडीचं नाव पुढे करतो. नाहीतर यंत्र तालुक्यालाच."

त्या संध्याकाळी मी बाईंना एक सोपा मार्ग सुचवला. मला आजही त्याची थोडी लाज वाटते, पण सांगतोच. मी म्हणालो, "बाई, जैनीच्या पानांवर बाजूले लिहून टाका, खालचा म्हणजे खाली जाणारा. तुमचंच म्हणणं सिद्ध होते. कोन पाहून राह्यलं?" जैनी म्हणजे त्या वर्षी पाळी असलेली मुलगी, जिच्या अक्षरात त्या बुडालेल्या डोंग्याची नोंद होती.

बाईंनी पेटीला कुलूप लावलं. रागावल्या नव्हत्या. "माह्या सोयीचं हाय, मूनच मले विचारा लागन," त्या म्हणाल्या. "गैरसोयीचं असतं तर तुमी म्हनता तसं लिवलं असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजिस्टरच्या सह्यांवरून यादी केली. बावीस मुलं. शाळेत असलेली थोडी सोडली तर आता ती मुलं कुठली, बापे आणि बाया झालेल्या. कुणाचं लग्न होऊन गाव बदललेलं, कुणी नोकरीला. बाईंनी साठवलेली सगळी रजा एकदम काढली. हेडमास्तर चक्रावले. दसऱ्याचे दोन दिवस सोडले तर या बाईंच्या रजेचा अर्ज त्यांनी यापूर्वी पाहिलाच नव्हता आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'एक शब्द विचारण्यासाठी.'

विचारायची त्यांची पद्धत ठरलेली होती. 'खाली' हा शब्द स्वतः उच्चारायचा नाही. माणसाला घराबाहेर उघड्यावर न्यायचं, वारा सुटेपर्यंत थांबायचं, मग एवढंच म्हणायचं, "हा कोन्ता वारा?" तो जे नाव घेईल ते आणि छत्रीची रिबीन जिकडे उडेल ते, दोन्ही लिहून घ्यायचं. आपण सुचवलं तर माणूस आपल्या मनासारखं सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

एक विद्यार्थी आमच्या कोरपन्याकडेच सिमेंट कारखान्यात कामाला होता. दसऱ्याच्या सुटीत मी गावी जाणारच होतो, तर बाईही बरोबर आल्या. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच दीक्षाभूमी चुकवली. तो पोरगा पाळी संपवून, पांढऱ्या धुळीनं भरलेला बाहेर आला, बाईंच्या पाया पडला आणि नेमका त्याच दिवशी वारा पडलेला. आम्ही आमच्या ओट्यावर बसून राहिलो. तीन वेळा चहा झाला. माझ्या आईनं हळूच मला आत बोलावून विचारलं, "ह्या बाई काऊन बसून राह्यल्या रे? जेवाले थांबतीन का?" मी म्हणालो, वारा आला की जातील. आई माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू सिरोंच्याला जाऊन पोरगंही कामातून गेलं. पाचच्या सुमारास धुराड्याचा धूर वाकला. इथं नदी नव्हती, तर त्या पोरानं डोळे मिटून आपली शाळा मनात आणली, हात हलवून दिशा लावली आणि म्हणाला, "हा वरचा जी. वरून आला." येतो त्याचं नाव घेणारा. एक नाव खोडलं गेलं.

हेमलकशाला दवाखान्यात काम करणारी एक मुलगी होती. तिनं हातातलं काम थांबवून व्हरांड्यातच एका क्षणात सांगितलं, जाणाऱ्याचं नाव घेऊन. सिरोंच्याला गोदावरीवर मासे धरणारा एक भेटला. त्यानं जाळं विणताविणता बाईंशी तासभर वाद घातला की वाऱ्याला येणं-जाणं काही नसतं, तो असतो किंवा नसतो, आणि मग शेवटी नाव सांगितलं. मी प्रत्येक वेळी बरोबर नव्हतो, पण जितक्या वेळा होतो तितक्या वेळा माझं हसणं कमी होत गेलं. बाईंचे पाय सुजत. बस नसेल तिथं त्या चालत. छत्रीचा दांडा एकदा मोडला, तो सुतळीनं बांधला. मी म्हणायचो, बाई, एवढ्यानं काय होणार. त्या म्हणायच्या, "एकवीस झाले, तर बाविसावं काऊन सोडू?"

एकवीस झाले. उरली जैनी.

तिचं नाव यादीत त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं. मी विचारलं, "जैनी कुठी असते आता?" तेव्हा बाई म्हणाल्या, "दहावीच्या निकालानंतर, पावसाळ्यात, तापानं गेली."

साहेबाला फोन केला. तो मनापासून हळहळला. पण म्हणाला, मोठे वारे सगळे त्याच वर्षातले, ते वर्ष सोडलं तर खिंडीच्या बाजूनं हातात काही उरत नाही. दिवाळी चार दिवसांवर आली होती.

खिंडीतून पायवाटेनं आम्ही जैनीच्या टोल्यावर गेलो. मी, बाई आणि पिशवीत ते रजिस्टर. जैनीची आई अंगणात मोहाची टोळ, म्हणजे बिया, फोडत बसली होती. उंच, हडकुळी, केस सैल बांधलेले. तिला मराठी थोडं समजायचं, बोलता येत नसे. बाईंचं माडिया मोडकंतोडकं. बाई पाणी प्यायल्या, खाली बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांना प्रश्न कसा विचारावा ते सुचेना. मेलेल्या पोरीला अंगणात उभं करून 'हा कोणता वारा' असं कसं विचारणार? त्यांनी रजिस्टर उघडून जैनीची अक्षरं दाखवली. आईनं पानावरून हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं.

मग बाईंनी विचारलं, जैनी सुटीत घरी असायची तेव्हा वारा पाहायची का.

आई माडियात सांगू लागली आणि बाई मला मराठी करून देत गेल्या: रोज. शाळेत नसली तरी दोन वेळा पाहायची. आम्ही हसायचो तिला.

"कशी पाहायची?"

आईनं हातातला दगड बाजूला ठेवला. उठली, हात लुगड्याला पुसले आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आम्हीही उठलो. तिथं वारा फारसा नव्हता, पण ती वाट पाहत राहिली आणि तिच्याबरोबर आम्ही. बऱ्याच वेळानं वरच्या अंगाकडून एक झुळूक आली. तशी जैनीची आई वळली. वाऱ्याकडे तिनं पाठ केली, केसांची गाठ सोडली. केस तोंडावरून पुढे उडाले, खिंडीकडे, नदीच्या दिशेला. उडणाऱ्या केसांच्या टोकापुढे तिनं हात लांब केला, बोट दाखवलं आणि पोरीच्या तोंडून ऐकलेला एक मराठी शब्द उच्चारला. तो मलासुद्धा कळला. खाली.

बाईंनी छत्री उघडलीच नाही. पोर वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची, केस जिकडे जातील ते नाव लिहायची. डोंगा उलटला त्या दुपारीही ती निशाणाखाली अशीच उभी राहिली असणार. सहाच्या सहा वारे खिंडीतले होते. त्या पानांच्या जोरावर उन्हाळ्याआधी खिंडीत यंत्राचा खांब उभा राहिला आणि घाटावर फोन जायला लागला. पण हे सगळं पुढचं.

त्या अंगणात जैनीच्या आईनं केस मागे घेतले, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मी विचारलं, काय म्हणतात त्या?

"विचारून राह्यली, पोरीचं चुकलं होतं का मून तुमी इतक्या दूर आल्या."

बाईंनी जैनीच्या आईचे दोन्ही हात धरले. पंधरा वर्षं वर्गात कधी चुकले असं न म्हणालेल्या बाई आधी माडियात आणि मग, बहुधा मला ऐकू यावं म्हणून, मराठीत म्हणाल्या, "तुह्या पोरीनं सगळं बरोबर लिवलं बाई. मीच उलटं वाचलं."